९८० किलोमीटरला विमानाचे दोन तास कसे होतात?

जालन्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वडिलांना घेऊन दिल्लीला जायचंय, तिथल्या मोठ्या इस्पितळात दुपारी दोनची वेळ मिळालीय. संभाजीनगरहून सकाळी आठचं विमान घ्यावं असा त्यांचा विचार आहे. अंतर किती म्हणून शोधायला बसले, तर एका ठिकाणी ८४० किलोमीटर सापडलं, दुसरीकडे ९८०, तिसरीकडे साडेबाराशे, आणि रेल्वेने गेलात तर चौदाशेच्या जवळ. त्यात विमानाचा वेग ताशी साडेआठशे लिहिलेला. म्हणजे सव्वा तासाच्या आत पोचायला हवं, पण तिकिटावर दोन तास छापलेत. "यातलं खरं कोणतं, आणि दोनची वेळ गाठता येईल का?"

मी मूळचा परभणीचा. बावीस वर्षं मुंबईत फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, वारा, पर्यायी विमानतळ यांचा हिशेब करून तो कागद कॅप्टनच्या हाती द्यायचा, हे माझं काम. त्यामुळे "किती अंतर, किती वेळ" हा प्रश्न मी नोकरीत रोज सोडवला, आणि गावी गेल्यावर नातेवाइकांसाठी फुकटात सोडवला.

आधी आकड्यांचा गोंधळ मिटवू. तुम्हाला सापडलेले चारही आकडे खरे आहेत. फक्त त्यातला एक तुमच्या गावाचा नाही.

८४० हा आकडा बिहारमधल्या औरंगाबादचा. तिकडे गयेच्या बाजूला औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, आणि तिथून दिल्ली सरळ रेषेत साधारण तेवढीच भरते. आपल्या शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण अंतर काढून देणाऱ्या बऱ्याच साइट जुन्याच नावावर चालतात आणि दोन औरंगाबादांत गफलत करतात. खात्री हवी असेल तर गावाचं नाव टाकूच नका, विमानतळाचा कोड टाका. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचा कोड आयएक्सयू, नांदेडचा एनडीसी. शहराचं नाव बदललं तरी कोड तोच राहिला. बिहारच्या औरंगाबादला असा कोड नाही, त्यामुळे घोळ व्हायचं कारणच उरत नाही.

साडेबाराशे हा रस्त्याचा आकडा. धुळे, इंदूरकडून वर गेलात तर थोडं इकडेतिकडे तेवढंच होतं. चौदाशेचा आकडा रुळांचा, आणि तो एवढा का फुगतो हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपला लोहमार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास टाकला तो मनमाड ते हैदराबाद जोडायला. आपल्याला उत्तरेत जायचं असतं आणि गाडी आधी पश्चिमेला मनमाडला नेते. संभाजीनगर ते मनमाड ११३ किलोमीटर उलट्या अंगाला जायचं, मग तिथून भुसावळ, खांडवा, भोपाळ, झाशी करत दिल्ली. नांदेडकरांचं तर विचारूच नका. नांदेड ते अमृतसर सरळ रेषेत १४१५ किलोमीटरच्या आसपास आहे, पण सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड असा वळसा घेत दोन हजारांच्या वर किलोमीटर कापते.

उरला ९८०. तो सरळ हवाई अंतराचा. हा आकडा तुम्ही घरी, वहीच्या मागच्या पानावर काढू शकता. करून दाखवतो, कारण एकदा हात बसला की कुठल्याच साइटवर विसंबायची गरज नाही.

चिकलठाणा विमानतळ १९.८६ अक्षांश, ७५.४० रेखांश. दिल्लीचा विमानतळ २८.५७ अक्षांश, ७७.१० रेखांश. अक्षांशातला फरक ८.७१. एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, पृथ्वीवर कुठेही. म्हणजे उत्तरेकडे ९६७ किलोमीटर झाले. रेखांशातला फरक १.७०. रेखांशाच्या रेघा मात्र ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येत जातात, त्यामुळे १११ ला त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. दोन्ही गावांच्या मधला अक्षांश २४ च्या थोडा वर, त्याचा कोसाइन ०.९१. गुणाकार केला की पूर्वेकडे १७२ किलोमीटर निघतात. आता शाळेतला पायथागोरस: ९६७ चा वर्ग अधिक १७२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ९८२.

दोन-तीन हजार किलोमीटरपर्यंत हा देशी हिशेब छान चालतो. त्यापुढे पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो आणि गोलावरचं सूत्र वापरावं लागतं. पोरगा अमेरिकेला शिकायला निघाला असेल तर सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप युरोपच्या अंगाने वर सरकतो. तोच सर्वांत जवळचा रस्ता.

आमच्या धंद्यात किलोमीटर चालत नाहीत, नॉटिकल मैल चालतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. त्या मापात संभाजीनगर ते दिल्ली ५३० भरतं. माप असलं विचित्र का, तर अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग जवळपास एक नॉटिकल मैल होतो. नकाशावरून थेट अंतर मोजता येतं.

बरं, अंतर ९८० हे ठरलं. आता वेळेकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

पहिली गोष्ट, विमान ती ९८० ची सरळ रेघ उडतच नाही. आकाशात ठरलेले मार्ग असतात आणि त्या मार्गांवर पाच अक्षरी नावांचे बिंदू असतात, एसटीच्या थांब्यांसारखे, फक्त तिथे कोणी थांबत नाही. विमान या बिंदूवरून त्या बिंदूवर जातं. शिवाय चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि दिल्ली उत्तरेला. वारा पश्चिमेचा असला की विमान शहराच्या दिशेने उठतं आणि मग उजवीकडे वळून उत्तरेला लागतं. दिल्लीतल्या धावपट्ट्याही कमीअधिक पूर्व-पश्चिमच. दक्षिणेकडून येणाऱ्याला बाजूने फिरून, दुसऱ्या विमानांच्या रांगेत बसून उतरावं लागतं. या सगळ्यात पन्नास-साठ किलोमीटर सहज वाढतात. माझ्या कागदावर ९८० चे साधारण १०४० व्हायचे.

दुसरी गोष्ट वेगाची. साडेआठशे हा वेग फक्त वर, ३३-३५ हजार फुटांवर सरळ चालताना असतो. आपली एसटी महामार्गाला लागल्यावर ऐंशीने पळते, म्हणून बसस्थानकाच्या फाटकातून ती ऐंशीने बाहेर पडत नाही. विमानाला वर चढायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ते जेमतेम दोनशे किलोमीटर गेलेलं असतं. उतरण्याचा आमचा ढोबळ नियम असा: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३५ हजार फुटांवरून उतरायचं तर १०५ मैल आधी, म्हणजे जवळपास दोनशे किलोमीटर अलीकडेच सुरुवात करावी लागते. सरळ रेघेवर पाहिलं तर सवाई माधोपूर मागे पडलं की थोड्याच वेळात नाक खाली झुकतं. लोकांना वाटतं आलं दिल्ली, आणि पट्टे बांधून अर्धा तास बसावं लागतं. त्यात दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटच्या वर जायचं नाही असा नियम. म्हणजे ताशी ४६० किलोमीटर.

मांडून बघा. चढायला २० मिनिटं आणि २०० किलोमीटर. उतरायला २५ मिनिटं आणि २२० किलोमीटर. मधले ६२० किलोमीटर ताशी ८३० ने, म्हणजे ४५ मिनिटं. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंत झाले नव्वद.

आणि तिकिटावरचे दोन तास? ते उड्डाणाचे नसतातच. तुम्हाला सांगतो, शिकलेसवरलेले लोकही इथे चुकतात. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात, त्यांना चॉक्स म्हणतात. ते काढून विमान हललं तिथून घड्याळ सुरू. पोचण्याची वेळ म्हणजे दिल्लीत विमान जागेवर येऊन उभं राहिलं आणि पुन्हा चॉक्स लागले ती. या दोन्हींमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर तोच छापतात. चिकलठाण्याला हलण्यापासून उठण्यापर्यंत आठ-दहा मिनिटं. इथे गर्दी नाही, हे आपलं भाग्य. दिल्लीत मात्र चाकं टेकल्यावर पंधरा-वीस मिनिटं विमान जमिनीवरच चालत असतं. एवढ्या लांब की एकदा एका आजोबांनी विचारलं होतं, "आता हे रस्त्यानंच जाणार का दिल्लीला?" नव्वदात हे मिळवलं की एकशे पंधरा-वीस झाले. वरची पाच-सात मिनिटं कंपनी पदरची टाकते.

ती पदरची मिनिटं कशासाठी, तेही सांगतो. विमान ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलं-गेलं तर ते वेळेवर धरतात, आणि हे वक्तशीरपणाचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. मग कंपन्या काय करतात, वेळापत्रकातच थोडी ढील देऊन ठेवतात. मुंबई-दिल्ली सरळ अंतर ११४० किलोमीटरच्या आत-बाहेर, तरी वेळापत्रकात सव्वादोन तास दिसतात. "आपण वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचत आहोत" अशी घोषणा झाली की प्रवासी खूश होतात. वैमानिकाने काही पराक्रम केलेला नसतो, आम्ही आधीच जागा ठेवलेली असते. मला ही लबाडी वाटत नाही. सोयरिकीच्या बैठकीला "अकरा वाजता या" सांगून बाराची तयारी ठेवतात, त्यातलाच प्रकार.

घरच्या घरी वापरायला एक गणित देतो. जेट विमान असेल तर हवाई अंतराला ८०० ने भागा, येतील ते तास, त्यात ४० मिनिटं मिळवा. ९८० भागिले ८०० म्हणजे एक तास चौदा मिनिटं, अधिक चाळीस, एक तास चोपन्न मिनिटं. तिकिटावरच्या दोन तासांशी ताडून बघा. पंख्यावर चालणारं एटीआर विमान असेल तर ४५० ने भागा आणि २५ मिनिटं मिळवा. संभाजीनगर ते हैदराबाद हवाई अंतर ४३० किलोमीटर, तिथे एटीआरला एक तास वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

आता जवळच्या अंतराची गंमत बघा. संभाजीनगर ते मुंबई हवाई अंतर २८० किलोमीटर. आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे १०५ किलोमीटर हे लक्षात ठेवून तुम्हीच करून बघा. भोळा माणूस म्हणेल वीस मिनिटं. मी स्वतः म्हणालो होतो "पाऊण तास", आणि ते मला फार महागात पडलं.

माझे मामा सेलूचे. मुलगा मस्कतला, त्याच्याकडे निघाले होते. मला फोन केला, "भाच्या, संभाजीनगरहून मुंबईला इमानाला किती टाइम लागतो?" मी नुकताच या नोकरीत शिरलेलो, डोक्यात उड्डाणाचे आकडे. म्हणालो, "पाऊण तास धरा मामा." मामांनी विश्वासाने तिकिटं काढली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, मध्ये पावणेदोन तास ठेवून. महिना जुलैचा. मुंबईवर पाऊस कोसळत होता. मामांचं विमान पालघरच्या बाजूला आकाशात चाळीस मिनिटं घिरट्या घालत होतं, आणि मी त्याच शहरात एका बंद खोलीत बसून दुसऱ्याच विमानांच्या इंधनाची बेरीज करत होतो. मामा मस्कतच्या काउंटरवर पोचले तेव्हा ते बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. रात्री बाकड्यावर बसून त्यांनी फोन केला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू पाऊन तास म्हन्ला व्हता ना रे, मंग बाकीचा टाइम कुनाचा धरायचा?"

बाकीचा वेळ कुणाचा, हे मला तेव्हापासून पाठ आहे. अशा छोट्या टप्प्यावर विमान धड वर पोचतच नाही. चढतं न चढतं तोच उतरायला लागतं, त्यामुळे साडेआठशेचा वेग त्याच्या वाट्याला क्षणभरच येतो. वर मुंबईत उतरायचं. तिथे दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तासाला चाळीस-पंचेचाळीस विमानं उठायची-उतरायची, तीही त्या एकीवर. पाऊस आला, दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागलं की मागची सगळी रांग आकाशात ताटकळते. म्हणून २८० किलोमीटरला वेळापत्रकात तास-सव्वा तास लागतो, आणि जुलैमध्ये तोही अपुरा पडू शकतो. दोन वेगळ्या तिकिटांवर पुढचं विमान पकडायचं असेल तर मुंबईत चार तासांपेक्षा कमी ठेवू नका. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर पुढचं विमान चुकल्यावर दुसऱ्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगळे असतील तर पहिल्या कंपनीला दुसऱ्या तिकिटाशी काही देणंघेणं नसतं.

निव्वळ मुंबईलाच जायचं असेल तर माझं मत विचाराल तर विमान हिशेबात बसत नाही. घर ते विमानतळ, तिथलं थांबणं, उड्डाण, मुंबईतला ट्रॅफिक, सगळं धरून पाच तास होतात. वंदे भारत सहाएक तासांत थेट सीएसएमटीला सोडते, आणि समृद्धी जून २०२५ मध्ये ठाण्याच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुली झाल्यापासून गाडीनेही तेवढ्यातच भागतं. नांदेडकरांचं गणित वेगळं. त्यांच्यासाठी मुंबई हवेतून ४७० किलोमीटर आणि रुळांवरून सहाशेच्या वर, तिथे विमान मिळालं तर ते घ्यावं. लातूरकरांनी संभाजीनगरकडे बघण्यापेक्षा हैदराबादकडे बघावं, रस्ता साधारण तेवढाच आणि विमानं कितीतरी जास्त. पण तुमचा प्रश्न दिल्लीचा आहे, तिकडे वळतो.

वाऱ्याबद्दल एक शंका हमखास येते: जाताना दोन तास तर येताना कमी-जास्त का? हिवाळ्यात उत्तर भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाऱ्याची नदीच वाहते. जेट स्ट्रीम म्हणतात तिला, शंभर नॉटचा वेग तिला काहीच नाही. मुंबई-कोलकाता प्रवासात ती पाठीवर येते. अंतर १६६० किलोमीटर, म्हणजे ९०० नॉटिकल मैल. विमान ४५० नॉटचं आणि वारा फक्त पन्नासचा धरला, तर जाताना ५०० ने जाणार, येताना ४०० ने. हवेत जवळपास अर्ध्या तासाचा फरक पडतो, म्हणून परतीचं तिकीट नेहमी लांबलेलं दिसतं.

दिल्लीचा प्रवास मात्र दक्षिण-उत्तर. वारा पाठीवरही नाही, तोंडावरही नाही, तो कुशीत लागतो. माझ्या लहानपणी पैठणला आजीबरोबर नावेतून गोदावरी ओलांडल्याचं आठवतं. नावाडी नाव समोरच्या घाटाकडे रोखायचाच नाही. टोक प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला तिरकं धरायचा आणि नाव बरोबर घाटाला लागायची. आजी म्हणायची, "हा नेतोय कुठं आपल्याला?" विमानही वाऱ्यात नाक असंच तिरकं धरून चालतं. त्यात थोडा वेग खर्ची पडतो. ४५० नॉटच्या विमानाला शंभर नॉटचा आडवा वारा लागला तर पुढे जायला ४३९ उरतात. एवढ्या अंतरावर दीड-दोन मिनिटांचा फरक. म्हणून दिल्लीला जाता-येताना वेळ जवळपास सारखीच दिसते, आणि जो काही फरक पडतो तो दिल्लीतल्या गर्दीमुळे.

तर आता तुमचा दिवस मांडू.

विमान आठचं. काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात, म्हणजे सातला. गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. वडील सोबत आहेत, सामान आहे, म्हणून सव्वासहाला दारात असा. जालन्याहून येणाऱ्याचं एक बरं आहे. चिकलठाणा विमानतळ जालना रोडवरच, शहराच्या अलीकडे लागतो. क्रांती चौकातली गर्दी तुमच्या वाट्याला येतच नाही. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, तास-सव्वा तास धरा. पाचला घर सोडा.

दहाला दिल्ली. व्हीलचेअर, सामानाचा पट्टा, बाहेर पडेपर्यंत पावणेअकरा. तिथून इस्पितळ शहरात जिथे असेल तिथपर्यंत तास धरला तर पावणेबारा. हातात सव्वादोन तास उरतात. कागदावर जमतं.

पण मी बावीस वर्षं कागदच केले, म्हणून सांगतो, महिना कोणता ते आधी बघा. एक गोष्ट प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. आठला तुम्ही ज्या विमानात बसणार ते रात्रभर चिकलठाण्याला उभं असेलच असं नाही. दिल्लीचं विमान बहुतेक वेळा दिल्लीहूनच आलेलं असतं. उलट मोजा: आठला सुटायचं तर साडेसातच्या आत इथे उतरायला हवं, म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी दिल्लीतून निघायला हवं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं सर्वांत दाट असतं ते नेमकं पहाटे. इथे चिकलठाण्याला लख्ख ऊन पडलेलं, आकाशात ढग नाही, आणि विमान दोन तास उशिरा. लोक काउंटरवरच्या पोरीवर चिडतात. तिचा काय दोष, विमान अजून तिकडून उठलेलंच नसतं.

धुक्याच्या दिवसांत माझा कागद कसा बदलायचा ते ऐका. एरवी दिल्लीच्या या प्रवासाला चार-साडेचार टन इंधन जळतं. त्यावर पाच टक्के वरखर्चाचं, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि शेवटचं अर्ध्या तासाचं, ज्याला हात लावायचा नाही. धुकं असलं की मी यावर दिल्लीवर घिरट्या घालायला आणखी तास-पाऊण तासाचं भरायचो. शिवाय जवळचा जयपूर किंवा लखनौ पर्यायी म्हणून चालेल का, की तिथेही धुकंच आहे, हे बघत बसायचो. तिथेही असलं तर पर्याय अहमदाबादपर्यंत मागे सरकायचा आणि इंधन आणखी वाढायचं. वेळापत्रकात हे काहीच दिसत नाही. तिथे आपले दोन तास छापलेले ते छापलेलेच.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. मार्च ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तारीख असेल तर सकाळच्या विमानाने त्याच दिवशी जायला हरकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये थोडी धाकधूक आहे, पण सव्वादोन तासांत ती सामावते. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असेल तर आदल्या दिवशी जा आणि एक रात्र इस्पितळाजवळ काढा. खोलीचं भाडं जाईल, पण हुकलेली डॉक्टरांची वेळ पुन्हा कधी मिळेल कुणाला ठाऊक.

तिकीट काढताना "नॉनस्टॉप" आहे ना ते बघा. "डायरेक्ट" या शब्दाला भुलू नका. डायरेक्ट म्हणजे विमानाचा नंबर तोच, मध्ये ते कुठेही उतरू शकतं. पूर्वी दिल्लीहून एक विमान जयपूर, उदयपूर, संभाजीनगर करत मुंबईला जायचं, ताजमहाल बघून अजिंठा-वेरूळला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी. तेही डायरेक्टच म्हणायचे. मुंबई किंवा हैदराबादवरून फिरवून नेणारं तिकीट हजार-बाराशेने स्वस्त दिसलं तरी वडिलांसाठी घेऊ नका. २८० किलोमीटर पश्चिमेला जाऊन मग ११४० वर जायचं, आणि मध्ये तीन तास बाकड्यावर. मनमाडचाच तो वळसा, फक्त हवेतून.

व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, निदान दोन दिवस आधी. ऐन वेळी मागितली तरी मिळते, पण थांबावं लागतं. दिल्लीत दारापासून पट्ट्यापर्यंतचं चालणं एवढं आहे की धडधाकट माणूसही दमतो. औषधं आणि डॉक्टरांचे कागद मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. आणि मी म्हटलं तसं नाक खाली झुकलं, कान बंद झाल्यासारखे वाटायला लागले, की वडिलांना एखादी गोळी-बडीशेप चघळायला द्या. तिथून पुढे अजून पंचवीस मिनिटं असतात.